दवाखाना सुरू ठेवून

ताडोब्याला येणारे पाहुणे मोहर्लीला वाघासाठी ओळखतात. गावातल्या माणसाला मात्र मोठे दुखणे उद्भवले की चंद्रपूरचाच रस्ता धरावा लागतो. मोहफुले किंवा तेंदूपत्ता वेचताना वाघ-अस्वलाने जखमी केलेला माणूस, अडलेली बाळंतीण, सर्पदंशाचा रुग्ण, सगळ्यांची वाट तीच. २०१५मध्ये चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालयावर शिक्षणाचाही भार आला. अशा रुग्णालयाच्या दारावर ‘काम चालू, दवाखाना बंद’ अशी पाटी लावता येत नाही. वॉर्ड वाढवावे लागतात, गळके छत बदलावे लागते, आणि आलेला रुग्णही परत पाठवता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली कशा साधायच्या, हा या पुस्तकाचा विषय आहे.

वाचकांनी हा विषय केवळ अभियंत्यांचा समजू नये. भिंत फुटत असताना पलीकडच्या खाटेवर काय होते, हे अभियंत्याला दिसत नाही. आणि भिंत फोडण्याला पर्याय होता का, हे डॉक्टरला ठाऊक नसते. या दोघांच्या मधल्या जागेत शिकण्यासारखे फार आहे. तुम्ही परिचारिका असा, ठेकेदार असा किंवा रुग्णाजवळ बसलेले नातेवाईक, तुम्हाला इथे शिरायला वाट आहे.

सुरुवात धुळीपासून करावी. जुना गिलावा पाडला, फॉल्स सीलिंग उघडले की अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. आकार दोन-तीन मायक्रॉन, त्यामुळे ते लवकर खाली बसत नाहीत. धडधाकट माणसाला सहसा त्यांचा त्रास होत नाही. केमोथेरपी घेणाऱ्याच्या फुप्फुसात मात्र ती बुरशी जीवघेणी ठरू शकते. म्हणून पडदा लावायचा. पण मिस्त्री प्लास्टिक फॉल्स सीलिंगपर्यंत ताणतो आणि तिथेच थांबतो. धूळ वरच्या पोकळीतून शेजारच्या वॉर्डात उतरते. पडदा जमिनीपासून थेट स्लॅबपर्यंत हवा, कडा चिकटपट्टीने बंद हव्यात. आतली हवा पंख्याने गाळणीतून बाहेर ओढावी, तीही वॉर्डाच्या खिडक्यांपासून दूर सोडावी. मग एखादी फट राहिलीच, तरी हवा वॉर्डातून कामाकडे जाते, कामाकडून वॉर्डात येत नाही.

रुग्णालयातल्या बांधकामाबद्दलच्या परदेशी नियमावल्या इथवर उपयोगी पडतात. पुढचे आपले आपणच लिहायला हवे. चंद्रपूरच्या मे महिन्यात वॉर्डाच्या खिडकीत कूलर असतो आणि तो बाहेरची हवा आत ओढतो. त्या खिडकीखाली विटा फोडल्या, तर आतला पडदा कितीही चांगला असो, उपयोग शून्य. पावसाळ्यात गडचिरोलीकडे हिवतापाचे रुग्ण वाढतात, तेव्हा एक खाटही रिकामी करणे कठीण. उरतो दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ. निविदा आणि मार्चअखेरचे हिशेब या वेळापत्रकाशी जुळत नाहीत, हे खरे. तरी फोडाफोडीची कामे याच काळात बसवावीत, असे माझे ठाम मत आहे. या भागात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. त्यांना संसर्गाचा धोका अधिक, म्हणून कुठला वॉर्ड कुठे हलवायचा हे ठरवताना त्यांचा विचार आधी व्हावा.

वीज आणि प्राणवायू यांबद्दल फार समजावून सांगण्याची गरज नाही. जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दुर्घटनांची कारणे वेगळी होती. पण सुटकेच्या जिन्यात सिमेंटची पोती रचताना आणि न विचारता एखादा व्हॉल्व्ह फिरवताना त्या आठवाव्यात.

शेवटी गडचिरोलीतल्या शोधग्रामचे उदाहरण. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे दवाखाना उभारताना तो कसा हवा, हे आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबत्यालाही राहता आले पाहिजे, असे लोक म्हणाले. म्हणून माँ दंतेश्वरी दवाखाना गोंडी वस्तीसारखा, सुट्या झोपड्यांचा झाला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गुण दिसतो: सुट्या इमारतींपैकी एक रिकामी करून दुरुस्त करता येते, बाकीच्यांत रुग्णसेवा चालू राहते. भल्यामोठ्या सलग इमारतीला ही सोय नसते. नवे रुग्णालय आखणाऱ्यांनी पुढच्या तीस वर्षांच्या दुरुस्त्या आजच नकाशावर मांडून पाहाव्यात.

वाचकांनी पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्या वॉर्डात काम निघणार आहे, तिथल्या इन्चार्ज सिस्टरांसोबत एक रात्रपाळी काढा आणि मग हवे ते प्रकरण उघडा. तुमच्याकडे असे काम झाले असेल, तर काय जमले आणि काय फसले ते मराठीत लिहून ठेवा. या जिल्ह्यांना त्या नोंदींची गरज आहे.