अनर्हांची बढती

इतिहास जिंकणाऱ्यांचा लिहावा, असा एक अलिखित नियम आहे. हरणाऱ्यांच्या नशिबी फार तर तळटीप. आता आमच्यासारख्या माणसाने, ज्याचा उभा जन्म कॅश आणि क्लिअरिंग यांच्यामध्ये येरझाऱ्या घालण्यात गेला, त्याने कुठल्या तोंडाने सम्राटांचा इतिहास सांगावा? म्हणून मी एक तळटीपच निवडली आहे. तीही परदेशातली, म्हणजे भांडायला इथे कोणी येणार नाही!

क्रोएशिया हा देश लोकसंख्येने चाळीस लाखांच्या आत. एवढ्याशा देशाने १९९८ आणि २०२२ च्या विश्वचषकांत तिसरा नंबर काढला आणि २०१८ साली तर अंतिम सामना गाठला. ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते सोडून देऊ. आपल्याला जायचे आहे एड्रियाटिक समुद्राकाठच्या स्प्लिट नावाच्या गावी. तिथे 'आर. एन. के. स्प्लिट' नावाचा एक फुटबॉल क्लब आहे. या अक्षरांचा अर्थ, कामगार फुटबॉल क्लब. बस्स, इतकेच. वाघ नाही, सिंह नाही, गरुड नाही. कामगार!

हे स्प्लिट गाव आम्हा नोकरदारांना फार जवळचे वाटावे असे आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने इसवी सन ३०५ मध्ये राजीनामा दिला आणि तो इथे येऊन राहिला. म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना पहिल्यांदा राबवली गेली ती इथे. पुढे त्याला लोक परत बोलवायला आले, तेव्हा 'मी लावलेला कोबी एकदा बघा, मग पुन्हा असे म्हणणार नाही' असे त्याने सांगितले म्हणतात. निवृत्तीनंतर पुन्हा हंगामी नेमणुकीसाठी हेडऑफिसचे उंबरठे झिजवणाऱ्या किती जणांना ही गोष्ट सांगावी, असे माझ्या मनात येते. पण सांगत नाही. पगारवाढीच्या फाइली त्यांच्याच हातून गेलेल्या असतात. असो. त्या सम्राटाच्या राजवाड्यात आजही माणसे संसार करून राहतात आणि दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात.

गावात आधीपासून एक मोठा क्लब होता, हायदुक. त्याची कल्पना निघाली प्रागमधल्या एका बिअरच्या गुत्त्यात, तिथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर. आणि १९११ साली तो स्थापन झाला. शिकलेल्यांचा क्लब! मग गावातल्या कष्टकऱ्यांनी काय करावे? त्यांनी १९१२ साली आपला वेगळा क्लब काढला. तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाचे राज्य होते. अशा राज्यात क्लबाला सोज्वळ नाव द्यावे की नाही? या मंडळींनी नाव ठेवले, 'अनार्ह'. म्हणजे अराजकवादी. बारशालाच पोलीस बोलावण्याचा प्रकार!

मला मात्र हे नाव वाचताच वेगळीच ओळख पटली. 'अनर्ह' या शब्दाशी आमचा फार जुना घरोबा आहे. खातेनिहाय परीक्षेच्या निकालात माझ्या नावापुढे तो दोनदा छापून आला होता. जगात कुठेतरी लोकांनी आपण होऊन हे नाव घेतले आणि छातीवर मिरवले, हे कळल्यावर ऊर थोडा भरून आला, खोटे कशाला बोला!

पुढे क्लबाची नावे बदलत गेली आणि १९३० च्या दशकात 'स्प्लिट' हे नाव स्थिरावले. पण नावांचे काय घेऊन बसलात, तिथे राज्येच बदलत होती. जरा त्या क्लबाच्या खजिनदाराचा विचार करा. आरंभी वर्गणी क्रोनमध्ये घेतली. महायुद्ध संपले, बादशहा गेला, युगोस्लाव्हियाचे राज्य आले, लिहा दिनार. १९४१ साली इटलीने गाव घशात घातले; लिहा लिरा. इटली गेली, पुन्हा दिनार. १९९१ मध्ये क्रोएशिया स्वतंत्र झाला आणि १९९४ मध्ये आला कुना, ज्याचा अर्थ मुंगसासारखा एक केसाळ प्राणी, कारण पूर्वी त्याच्या कातड्यावर कर भरत. आणि २०२३ पासून युरो. आमच्याकडे १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा म्हणे शाखेतले दोन जुने अकौंटंट रजेवर गेले होते. स्प्लिटच्या खजिनदाराला तर एवढ्या चलनांची एकच लेजर! बाकी कसा जुळवला असेल, देव जाणे.

पण या लेजरमध्ये एक पान असे आहे, की तिथे विनोद थांबतो. १९४१ च्या ऑगस्टमध्ये गावातल्या तरुणांनी पार्टिझनांची पहिली तुकडी काढली आणि ती डोंगराकडे निघाली. तिच्यात या कामगार क्लबाची पोरे होती. बंदुकीचा अनुभव यथातथाच, चेंडूचा दांडगा. तुकडी लवकरच सापडली, आणि तिच्यातल्या अनेकांना त्याच महिन्यात सिन्य गावाजवळ रुदुशा इथे गोळ्या घालण्यात आल्या. युद्ध संपेपर्यंत क्लबाचे सुमारे १२० सभासद कामी आले. एका फुटबॉल क्लबाचे! अकरा जणांचा संघ धरला, तर दहा संघ उभे राहून वर दहा माणसे उरतात. मी हा भागाकार कागदावर केला आणि कागद बराच वेळ तसाच पुढ्यात ठेवला.

युद्धानंतर क्लब पुन्हा उभा राहिला. युगोस्लाव्हियाच्या पहिल्या वर्गात १९५७-५८ आणि १९६०-६१ असे दोन हंगाम बसायला मिळाले. दोन्ही वेळा वर्ष संपताच खाली रवानगी. याच क्लबाकडून खेळलेला एक मुलगा, तोमिस्लाव इविच, पुढे प्रशिक्षक झाला. त्याने गावच्या हायदुकला अजिंक्यपदे मिळवून दिलीच, शिवाय ॲम्स्टरडॅमच्या अयाक्सला, ब्रुसेल्सच्या अँडरलेख्टला आणि पोर्तुगालच्या पोर्तोलाही मिळवून दिली. बदलीवर नाखूष असणाऱ्या आमच्या स्टाफने या गृहस्थाचा आदर्श ठेवावा. दर बदलीत बढती!

बढतीवरून आठवले. या क्लबाने २००८, २००९ आणि २०१० अशा लागोपाठ तीन वर्षांत तीन बढत्या घेतल्या आणि चौथ्या विभागातून थेट पहिल्यात आला. मी हे आमच्या युनियनच्या सेक्रेटरीला सांगितले, तर त्याने विचारले, "परीक्षा न देता?" म्हटले, देऊन. मग त्याचा रस संपला. पहिल्या विभागात आल्याआल्या पहिल्याच वर्षी तिसरा नंबर! त्यामुळे २०११ च्या जुलैमध्ये क्लब पहिल्यांदा युरोपीय स्पर्धेत उतरला. इविच त्याआधी काही आठवडेच, जूनमध्ये वारला. पोराने बोर्डात नंबर काढावा आणि पेढा द्यायला मास्तर नसावेत, तसे झाले. लंडनच्या फुलहॅमला स्वतःच्या गावी ०-० असे थोपवले. लंडनमध्ये मात्र २-० ने हरले. २०१४ मध्ये मुख्य फेरी एका पायरीवर राहिली होती, तर इटलीच्या तोरिनोने एका गोलाने रोखले. २०१५ ची चषकाची फायनल झाग्रेबच्या दिनामोबरोबर बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर गेली. पेनल्टी म्हणजे शेवटी काय, तोंडी परीक्षाच! लेखी पास झालेला कामगार तोंडीत राहिला.

मग २०१७ मध्ये पहिल्या विभागातून खाली, आणि पैशाअभावी भराभर पायऱ्या उतरत थेट खालच्या विभागांत. कारण साधे आहे. ही चढण एका बांधकाम-व्यावसायिकाच्या पैशावर झाली होती. शंभर जणांची चार-चार आण्यांची वर्गणी असते तेव्हा दहा जण बुडवतात, नव्वद देतात. देणारा एकच असला आणि त्याने हात आखडला, की खाते रिकामे. आम्ही कर्जखात्यात याला मोठे इंग्रजी नाव देतो आणि वर एक फॉर्म भरून घेतो. घरातली म्हातारी माणसे मात्र फॉर्म न भरता सांगत, सगळी अंडी एका टोपलीत नसावीत.

आता कोणी हिशेबी माणूस म्हणेल, असला क्लब बंद का करत नाहीत? गावात हायदुक आहे, त्याचे प्रचंड मैदान आहे. खरे आहे. पण मी बँकेत एक गोष्ट पाहिली आहे. काही खात्यांवर वर्षानुवर्षे किमान शिल्लकच असते. आपण नोटीस पाठवावी, तर काउंटरवर एखादा म्हातारा येतो, वीस रुपये भरतो, आणि म्हणतो, "साहेब, बंद नका करू, वडिलांनी उघडलेलं आहे." त्यापुढे नियम चालत नाही. स्प्लिटचे खाते तर एकशेवीस वडिलांनी जामीन राहून चालू ठेवले आहे. असल्या खात्यावर 'बंद' असा शिक्का मारायचा, तर हात कुणाचा उठेल? माझा तरी नाही. आणि खातेनिहाय परीक्षा पाहता, तो अधिकार मला मिळण्याची भीतीही नाही.