लैंगिक कल बदलतो काय? संशोधन काय सांगते

आपला मुलगा किंवा मुलगी समलिंगी आहे हे कळल्यावर आईवडील धर्मगुरूंकडे येतात, तेव्हा बहुधा दोन प्रश्न घेऊन येतात. हे बदलता येईल काय? आणि, आमचे कोठे चुकले? ख्रिस्तसभेची नैतिक शिकवण हा स्वतंत्र विषय आहे. या दोन प्रश्नांवर मानसशास्त्रात झालेले संशोधन तेवढे आम्ही येथे देत आहोत.

पहिल्या प्रश्नाच्या इतिहासात डॉ. रॉबर्ट स्पिट्झर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचे नाव पुन्हा पुन्हा येते. १९७३ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून वगळली, त्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे त्यांनीच, तीव्र इच्छा असलेल्या काही व्यक्तींचा कल बदलू शकतो, असे प्रतिपादन केले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४३ पुरुष व ५७ स्त्रिया होत्या. मात्र ‘आमच्यात बदल झाला’ असे सांगणाऱ्यांनाच त्यात घेतले होते, मुलाखती दूरध्वनीवरून झाल्या होत्या आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. अनेकांना तर असा बदल घडवून आणण्याचे कार्य करणाऱ्या धार्मिक गटांनीच पाठविले होते. जत्रेत नवस फेडायला आलेल्यांनाच विचारून नवस किती फळतात हे ठरवावे, तसा हा प्रकार झाला.

२०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, स्पिट्झर यांनी आपला निष्कर्ष मागे घेतला. सांगणाऱ्यांचे कथन वस्तुस्थिती आहे की स्वतःची समजूत, हे पडताळण्याचा मार्ग आपल्यापाशी नव्हता, असे त्यांनी मान्य केले व समलिंगी व्यक्तींची जाहीर क्षमा मागितली. असे धैर्य विद्वानांत विरळाच आढळते.

तत्पूर्वी २००९ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीने १९६० ते २००७ या काळातील ८३ अभ्यास तपासले. अशा प्रयत्नांनी कल बदलतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. काहींना नैराश्य व आत्महत्येचे विचार यांनी ग्रासल्याचे मात्र दिसले. उपचार करणाऱ्याने समोरच्याच्या धर्मश्रद्धेचा आदर राखावा, असेही त्या अहवालात आहे. हा भाग फारसा कोणी सांगत नाही. भारतात २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने अशा ‘उपचारां’ना मज्जाव केला व २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तरीही ‘लग्न लावून द्या, सगळे सुरळीत होईल’ हा सल्ला आपल्याकडे अजून दिला जातो. त्यात दुसऱ्या घरचे निरपराध लेकरूही भरडले जाते.

दुसरा प्रश्न अधिक जिव्हारी लागणारा. १९६२ साली अर्व्हिंग बीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०६ समलिंगी पुरुषांच्या अभ्यासावरून दुरावलेला पिता व अतिजवळीक करणारी माता यांना कारण मानले. परंतु हे सर्वजण मनोविश्लेषणाचे उपचार घेणारे रुग्ण होते आणि त्यांची माहितीही उपचारकांकडूनच घेतली होती. अशा पायावर उभ्या राहिलेल्या मताने असंख्य मातापित्यांना अपराधी ठरविले. या प्रवृत्तीचे मानसिक मूळ बव्हंशी उलगडलेले नाही, असे कॅथोलिक ख्रिस्तसभेचा कॅटेकिझमही (क्र. २३५७) नमूद करतो.

आईवडिलांच्या वर्तनाचा परिणाम होतो, पण तो वेगळ्या ठिकाणी. मूल व त्याला सांभाळणारी माणसे यांच्यातील भावबंधाचा सिद्धान्त इंग्लंडमधील जॉन बोल्बी यांनी मांडला. मेरी एन्सवर्थ यांनी प्रथम युगांडात व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता व तान्ह्या मुलांचे निरीक्षण करून त्याला आधार दिला. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परतली की मूल तिला कसे सामोरे जाते, हे त्या बारकाईने पाहत. आई हा भरवशाचा आधार असला की मूल तिला बिलगून शांत होते व पुन्हा खेळू लागते.

मोठेपणीही घराचा आधार लागतोच. केटलिन रायन व सहकाऱ्यांनी २००९ साली २१ ते २५ वर्षे वयाच्या २२४ समलिंगी व उभयलिंगी कल असलेल्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात घरच्यांनी तीव्रपणे झिडकारलेल्यांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगण्याची शक्यता, न झिडकारलेल्यांच्या वा क्वचितच झिडकारलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होती. हाही अभ्यास आठवणींवर आधारलेला आहे व त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. स्पिट्झर यांना लावलेली कसोटी येथेही लावलीच पाहिजे. तथापि झिडकारणे म्हणजे केवळ घराबाहेर काढणे नव्हे. घरच्या समारंभातून मुलाला वगळणे किंवा त्याच्या मित्रांना भेटू न देणे, हेही संशोधकांनी त्यातच धरले आहे.