जागा आणि नाते

पडद्यावरची बटणे, याद्या, चौकटी कुणी आणि कोणत्या हिशेबाने मांडल्या, हे आपण सहसा विचारीत नाही. मांडणी फसली की मगच तिच्याकडे लक्ष जाते. मराठी केलेल्या खिडक्यांत शब्द अर्ध्यावर कापलेले, उकार खालच्या कडेत गडप झालेले आम्ही पाहिले आहेत. हा दोष भाषांतरकाराचा नव्हे. त्याचे मूळ जुने आहे.

१९८४ च्या मॅकिन्टॉशचा पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा. त्यावरील संवादचौकटीत प्रत्येक बटणाचा आयत ठिपके मोजून नेमलेला असे. पडदा ठरलेला आणि शब्द ठाऊक, म्हणून हे निभावले. भाषा बदलली की प्रत्येक आयत हाताने सरकवावा लागे.

दुसरी वाट मात्र त्याआधीच सापडली होती. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड'मध्ये नाते सांगण्याची सोय केली: या दोन रेषा समांतर असोत, त्या दोन सारख्या लांबीच्या असोत, नेमकी जागा यंत्राने शोधावी. छपाईतूनही एक धागा आला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड क्नूथ यांनी 'टेक्' या अक्षरजुळणी प्रणालीत पान म्हणजे पेट्या आणि त्यांच्यामधला ताणला-आवळला जाणारा 'ग्लू' असे मानले. स्टॅनफर्डच्या 'इंटरव्ह्यूज'ने ऐंशीच्या दशकात हीच रीत खिडक्यांत आणली. बर्कलीच्या जॉन औस्टरहाउट यांच्या 'टीके'मध्ये घटक आपल्याला किती जागा हवी एवढेच सांगतो. वाटणी 'पॅक' करतो. १९९७ साली मांडलेल्या 'कॅसोवरी'ने अशा नात्यांची समीकरणे झटपट सोडवण्याची पद्धत दिली आणि २०११ मध्ये मॅकच्या 'ऑटो लेआउट'ने ती स्वीकारली. सदरलँड यांच्या कल्पनेला रोजच्या वापरात रुळायला अशी ४८ वर्षे लागली.

या इतिहासाकडे केवळ सोयीचा इतिहास म्हणून पाहणे आम्हांस अपुरे वाटते. ठिपके मोजणारा आपल्या भाषेची लांबी हीच सर्वांची लांबी धरतो. नाते सांगणारा न पाहिलेल्या शब्दांसाठी जागा सोडतो. तरीही साधन बदलले म्हणून सवय सुटतेच असे नाही. रुंदी मोकळी सोडून उंची मात्र रोमन अक्षरांच्या मापाने बांधली, की वरची वेलांटी आणि खालचा उकार पुन्हा कापलाच जातो.