यात्रेची तारीख शेताने ठरवली: महाळुंगे, मुळशी आणि उन्हाळ्याचा इतिहास

आजचा भाग घराजवळचा आहे. हेडफोन लावून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असाल, तर आणखीच उत्तम. कारण गोष्ट त्याच रस्त्याची आहे.

बालेवाडीच्या क्रीडासंकुलाला वळसा घालून हिंजवडीकडे निघालं की महाळुंगे लागतं. कागदावर महाळुंगे, बोलताना म्हाळुंगे. पुणे जिल्ह्यात या नावाची गावं आणखीही आहेत. चाकणजवळ महाळुंगे इंगळे आहे, आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ आहे. आपलं हे मुळशी तालुक्यातलं, मुळा नदीच्या काठचं.

या पट्ट्यात नवीन राहायला आलेल्या मंडळींना एक प्रश्न हमखास पडतो. गुढीपाडवा झाला की गावोगावी कमानी लागतात, फ्लेक्स लागतात, रात्री ढोल-हलगी वाजते. ग्रामदैवताची यात्रा! पण एवढ्या उन्हात का? थंडीत का नाही? आणि रविवार बघून का नाही, मंगळवारी नाहीतर बुधवारी का?

उत्तर शेतात आहे. मुळशी हा भाताचा तालुका, इथला आंबेमोहर नावाजलेला. भाताची कापणी दिवाळीच्या आसपास होते. जिथे ओल टिकते तिथे मग गहू, हरभरा, ज्वारी. तेही माघ-फाल्गुनात घरात येतं. पुढचं मोठं काम मृगाच्या पावसावर. मधल्या काळात राब भाजायचे, बांध नीट करायचे, घर शाकारायचं, लग्नं उरकायची. म्हणजे वर्षातला हा एकच तुकडा असा, की कणगीत धान्य आहे, हातात थोडा पैसा आहे, अंगाला थोडी उसंत आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेत मोकळं आहे. मोकळ्या शेतातच कुस्तीचा फड बसतो, तमाशाचा तंबू लागतो, पाळणे उभे राहतात, बाहेरगावच्या गाड्या थांबतात. पीक उभं असताना हजार माणसं कुठे बसवणार?

म्हणून देवाची तिथी पंचांगात असली, तरी तिच्यामागचं वेळापत्रक शेताचं आहे.

आता यातली दुसरी गंमत. सगळ्या गावांची यात्रा एकाच दिवशी नसते. एका गावची आज, शेजारच्या गावची परवा, नदीपलीकडची पौर्णिमेला. त्यामुळे पैलवान, हलगीवाले, खेळणीवाले, रेवडी-गोडीशेववाले या गावाहून त्या गावाला जात राहतात. पाहुणेही तसेच. आज तुम्ही आमच्याकडे जेवा, परवा आम्ही तुमच्याकडे. मोबाइल नव्हता, एसटीसुद्धा नव्हती, तेव्हा सोयरिकी जुळायच्या, बैलांचे सौदे व्हायचे, भांडणं मिटायची ती याच फेरीत.

तमाशाचा हंगामही याच फेरीवर चालतो. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे जाऊन सुपारी देतात, तारीख पक्की करतात. मोठ्या फडांची वर्षाची कमाई बरीचशी या दीड-दोन महिन्यांवर अवलंबून. २०२० साली पाडवा होता २५ मार्चला, आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. हंगाम सुरू व्हायच्या आधीच संपला. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध. आपल्याला वाटतं यात्रा रद्द झाली म्हणजे एक दिवसाची मजा गेली. फडातल्या ढोलकीवाल्याचं त्यात अख्खं वर्ष गेलं.

यात्रेला गावी कोण कोण येतं, हेही बघण्यासारखं आहे. माहेरवाशिणी येतात, ते आलंच. पण मुंबईचे डबेवाले आठवा. त्यातले बहुतेक मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातले. ही सेवा १८९० च्या सुमारास सुरू झाली. मुंबईच्या पावसातही न थांबणारे हे लोक चैत्रात मात्र काही दिवस सुट्टी घेतात, कारण गावी यात्रा असते. तेवढे दिवस मुंबईतला साहेब कँटीनमध्ये जेवतो. मुळशी-मावळातल्या एखाद्या देवळापुढचा नारळ आणि चर्चगेटच्या ऑफिसातला डबा हे असे एकमेकांना बांधलेले आहेत.

यात्रेचा क्रम साधारण ठरलेला. सकाळी अभिषेक, दुपारी पुरणपोळीचा नैवेद्य, रात्री पालखीचा छबिना. दुसऱ्या दिवशी कुस्त्या आणि बऱ्याच घरांत मटणाचा बेत. कुस्त्यांची सुरुवात पोरासोरांपासून होते. नारळावर, रेवड्यांवर, मग दहा-वीस रुपयांवर, आणि चढत चढत शेवटची मोठी इनामाची कुस्ती. जोड लावायला गावातले जाणते बसतात. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते. इथे तिकीट नसतं, खुर्ची नसते. बांधावर बसायचं.

मुळशीला ही माती चांगलीच मानवली. मुळशीचे मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली, आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू झाला. विजेत्याला मिळणारी चांदीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाऊ लागली. आणि योगायोग बघा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीच्या जमिनीवर शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा तिथेच झाली आणि हर्षवर्धन सदगीर जिंकला. बांधावरची कुस्ती फिरून त्याच शिवारात आली. फक्त आता तिच्यावर छप्पर होतं.

पण उन्हाळ्यात माणसं एकत्र येतात, ती फक्त करमणुकीसाठीच असं नाही. एक तारीख लक्षात ठेवा: १६ एप्रिल १९२१, रामनवमी.

तेव्हा टाटा कंपनी मुळशीत वीजनिर्मितीसाठी धरण बांधत होती. मुंबईला वीज मिळणार होती, आणि मुळशी खोऱ्यातल्या पन्नासेक गावांच्या जमिनीवर पाणी येणार होतं. त्या रामनवमीला हजारावर मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी त्या लढ्यात होती. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही ओळख याच सत्याग्रहाने दिली. जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन असं अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्याला म्हटलं आहे. लढा सुमारे तीन वर्षं चालला, आणि शेवटी धरण झालंच.

आता ती तारीख पुन्हा बघा. चैत्र महिना, शेत मोकळं, सण आणि सगळा मुलूख एकमेकांच्या गावी जा-ये करण्याच्या दिवसांत. असा जमाव भाताच्या लावणीच्या वेळी जमवणं अवघड गेलं असतं. ज्या सवयीने माणसं देवळापुढे जमत होती, त्याच सवयीने ती धरणावर जमली, असं मला वाटतं. एकत्र यायची सवय ही सुद्धा एक ताकद असते. ती दरवर्षी वापरली नाही तर गंजते.

यात्रा कधीच जशीच्या तशी राहिली नाही, हेही खरं. बैलगाडा शर्यतीचं बघा. ७ मे २०१४ ला, ऐन हंगामात, सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत बैलांचे हाल आणि गावची परंपरा या दोन्ही बाजूंनी कडाक्याची भांडणं झाली. आता घाटात नियम आहेत, परवानगी लागते. ज्यांना शर्यत हवी होती त्यांनाही बदलावं लागलं.

मग आता धोका कशाचा आहे? माझ्या मते, जागेचा.

महाळुंग्याच्या नदीपलीकडे बघा. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला जातं. बगाड म्हणजे लाकडाचा उंच गाडा, त्याच्या आडव्या लाकडाला मानाचा गळकरी लावलेला, आणि भोवती भंडाऱ्याने पिवळी झालेली गर्दी. त्या दिवशी आयटी पार्कच्या वाटेवरची वाहतूक वळवावी लागते. ऑफिसवाले वैतागतात. पण कोण कोणाच्या वाटेत आलं, हा प्रश्न विचारायला हवा. बगाडाची वाट आधीची आहे. कंपन्यांच्या बस तिथे गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या.

महाळुंग्याचंही तेच. जून २०२१ मध्ये हे गाव आणखी २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत संपली. शिवारात टॉवर उभे राहिले. ज्या शेताने यात्रेची तारीख ठरवली होती, ते शेतच उरलं नाही. कणगी नाही, राब नाही, लावणीची घाई नाही. तारीख मात्र राहिली. आता फड बसवायचा तर मोकळी जमीन शोधावी लागते, आणि यंदाची मोकळी जमीन पुढच्या वर्षी साइट झालेली असते.

देऊळ कोणी हलवत नाही. देवळाला नकाशात जागा मिळते. पण देवळापुढची मोकळी जागा, आखाड्याचं शेत, पालखीची वाट यांच्या नावाचा सातबारा नसतो. ती जागा सवयीची असते, आणि सवयीची जागा सगळ्यात आधी जाते.

म्हणून या उन्हाळ्यात एक काम करा. महाळुंग्यात असाल, बावधनला असाल किंवा कुठल्याही नव्या-जुन्या गावात. तुमच्या सोसायटीची जमीन ज्या गावची, तिथल्या एखाद्या आजी-आजोबांना गाठा. यात्रा कोणत्या तिथीला? फड कुठल्या शेतात बसायचा? पालखी कुठल्या वाटेने फिरायची? फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा आणि त्यांना बोलू द्या. जमलं तर त्यांच्याबरोबर ती वाट एकदा चालून या. आणि यात्रेच्या दिवशी आवाज येतो म्हणून खिडकी लावायच्या आधी एकदा खाली उतरून बघा. वर्गणी दिली नसली तरी प्रसाद मिळतो. यात्रेत पाहुण्याला कोणी उपाशी परत पाठवत नाही.

तुमच्या गावची यात्रा कधी असते, आणि फड आता कुठे बसतो, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर सावलीत राहा, पाणी पीत राहा!