मंद हृदयगती, तरुणांतील : पेसमेकरचा निर्णय
प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी हृदयाचे ठोके मिनिटाला ६० हून कमी पडल्यास त्याला मंद हृदयगती म्हणतात. कसलेल्या धावपटूंत ४० ते ५० ठोके पडणे बहुधा निरोगीपणाचेच लक्षण असते. केवळ आकडा पाहून पेसमेकर बसवणे चूक आहे. भोवळ किंवा शुद्ध हरपणे नेमके ठोके मंदावतात तेव्हाच घडते का, हे होल्टर नोंदीवरून (अंगावर बाळगायच्या यंत्राने सलग घेतलेल्या हृदयालेखावरून) कळते. व्यायामात गती पुरेशी वाढते का, हे ट्रेडमिल चाचणीवरून. थायरॉइडची कमतरता, बीटा-ब्लॉकर औषधे अशी दूर करता येणारी कारणे आधी तपासतात. जन्मानंतर उद्भवलेला, उपचाराने न सुटणारा पूर्ण हृदयरोध (वरच्या कप्प्यांतील विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत मुळीच न पोहोचणे) असल्यास मात्र लक्षणे नसतानाही पेसमेकर बसवावा. तरुण रुग्णाला आयुष्यात अनेकदा बॅटरी बदलावी लागते आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा धोका असतो.