मुरबाडचा रस्ता आणि जुनी स्टेशन वॅगन

ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यास आगगाडीचें स्टेशन नाहीं. शेजारच्या शहापूर तालुक्यांत लोहमार्ग १८५५ सालीं वासिंदपर्यंत, १८६० त आसनगांवास व १८६१ त कसाऱ्यास पोचला. मुरबाडकर मात्र कल्याणास उतरून पुढील मजल बैलगाडीनें, टांग्यानें व मागाहून मोटारीनें गांठीत आले. स्टेशनापासून घरापर्यंत माणसें व त्यांच्या पेट्या एकाच खेपेस कशा न्यावयाच्या, हा त्यांचा जुना प्रश्न. अमेरिकेंतहि तोच प्रश्न होता आणि त्यांतूनच ‘स्टेशन वॅगन’ नांवाची गाडी निपजली. आगगाडीनें आलेल्या पाहुण्यांस सामानासह मुक्कामीं पोचविणारी ती गाडी होय.

आरंभीं या गाडीचा सांगाडा व यंत्र कारखान्याचें, आणि वरील पेटारा सुताराचा, अशी जोडणी असे. फोर्ड कंपनीनें १९२९ मध्यें अशी गाडी आपल्या नांवानें विकावयास आणली, तेव्हां तिला मान मिळाला खरा. परंतु लांकडाचे दोष गेले नाहींत. सांधे सैल होत, दारें करकरत, वार्निश पुनःपुन्हां द्यावें लागे. मुरबाडच्या आषाढ-श्रावणांत त्या लांकडाची काय दशा झाली असती, हें कोणाहि कोंकणी सुतारास विचारावें.

हा दोष काढला तो विलीज-ओव्हरलँड कंपनीनें. महायुद्धांत जीप गाड्या करून ती नांवारूपास आली होती. युद्ध संपलें, लष्कराची मागणी आटली. तेव्हां तिनें ब्रुक्स स्टीव्हन्स या रेखाकाराकडून जीपच्याच यंत्रावर कुटुंबाची गाडी आंखून घेतली व १९४६ मध्यें बाजारांत आणली. हिचें सारें अंग पोलादी पत्र्याचें. मोटारीचे पत्रे दाबण्याचें साधन कंपनीजवळ नव्हतें. घरगुती उपकरणांचे पत्रे दाबणाऱ्या यंत्रांवर काम भागवावें लागलें, आणि त्या यंत्रांस खोल वळण देतां येत नसे. म्हणून तिचे मडगार्ड सपाट व बाजू सरळ राहिल्या. आज रसिक तिच्या ज्या साधेपणाची वाखाणणी करतात, तो असा अडचणींतून आलेला आहे. गंमत अशी कीं, लांकडी गाडीचा डौल लोकांच्या मनांतून गेला नव्हता, म्हणून या पोलादी गाडीच्या बाजूंवरहि लांकडी चौकटींचा भास होईल असाच रंग देण्यांत आला!

इकडे जे. सी. व के. सी. महिंद्र या बंधूंनीं मलिक गुलाम महंमद यांच्यासह १९४५ मध्यें काढलेली पेढी फाळणीनंतर, १९४८ मध्यें, ‘महिंद्र आणि महिंद्र’ झाली. विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईस माझगांव येथें जोडण्याचें काम तिनें हातीं घेतलें, आणि जीपच्या पाठोपाठ ही स्टेशन वॅगनहि आपल्या रस्त्यांवर आली. मागील बाक काढलें कीं भाताचीं पोतीं, बसविलें कीं आजीपासून नातवापर्यंत सारें घर. एकत्र कुटुंबास याहून सोयीची गाडी ती कोणती?

परंतु १९७३ नंतर पेट्रोल महागलें, आणि पुष्कळ मालकांनीं मूळ यंत्र काढून डिझेल यंत्र बसविलें. त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. त्यामुळेंच कित्येक गाड्या भंगारांत न जातां चालत्या राहिल्या. पण आज जीर्णोद्धार करूं पाहणाराची पहिली अडचण ती हीच: गाडी आहे, तिचें हृदय दुसरें आहे.

दुसरा शत्रु गंज. दारांखालील पट्टी, पायांखालचा तळ आणि मागील फाळक्याची खालची कड येथें पाणी सांठतें. वरून रंग चकचकीत असला तरी टोंचणीनें टोंचतांच पत्रा भुसभुशीत लागतो. तो भाग निर्दयपणें कापून, त्याच जाडीचा पत्रा ठोकून, वळवून सांधावा लागतो. लांबी भरून गंज झांकणारा कारागीर हा गाडीचा वैरी समजावा. दोन पावसाळ्यांत त्याची लबाडी उघडी पडते. यंत्राची गोष्ट त्या मानानें सोपी. जीपचें व हिचें यंत्र एकच, आणि जीपचा वंश भारतांत अनेक दशकें चालला. त्यामुळें कुर्ल्याच्या भंगार-बाजारांत किंवा एखाद्या वृद्ध मिस्त्रीच्या फडताळांत उपयोगी पडणारा सुटा भाग निघण्याचा संभव असतो. कांचा, मुठी, फाळक्याच्या बिजागऱ्या मात्र जीपला नसतातच. त्या घडवून घ्याव्या लागतात. मूळ वीजयोजना ६ व्होल्टांची. ती १२ व्होल्टांची केल्यास दिवे उजळ लागतात, पण मूळ रूप बिघडतें, यावर जाणत्यांचा वाद अखंड चालतो. अलीकडे आणखी एक काळजी वाढली. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल आलें आहे, आणि जुन्या रबरी नळ्यांस व पडद्यांस तें सोसत नाहीं. ते सारे बदलावे लागतात.

जुन्या गाड्यांचें कौतुक आपल्याकडे नवें नाहीं. दिल्लीस स्टेट्समन पत्रानें १९६४ पासून त्यांची शर्यत भरविली. परंतु कौतुकाची दृष्टि बहुधा संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसकडे वळली. पोतीं वाहणाऱ्या या बिचाऱ्या गाडीकडे कोण पाहणार? जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें नियम केला, त्यानें हा भेद मोडला. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली कोणतीहि खासगी गाडी आतां ‘विंटेज’ म्हणून नोंदवितां येते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षें, आणि क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें. सांगाडा, अंग व यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यांतील अट डिझेल झालेल्या गाड्यांस जड जाते.

पण खरी मेख पुढेंच आहे. अशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, संचलन, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणें यांसाठींच रस्त्यावर आणतां येते. नित्याच्या वा व्यापारी उपयोगास ती वर्ज्य. मोडीपासून गाडी वांचावी हा हेतु स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. तथापि राजाची मिरवणुकीची गाडी मिरवणुकीपुरती राहिली तर तिचें कांहीं बिघडत नाहीं. घरची माणसें व बोचकीं वाहण्यासाठींच जी जन्मली, तिच्याबाबत हा न्याय अंमळ कठोर वाटतो. संचलन ठरलें तर दुसऱ्या गियरांत गुणगुणत, ती टोंकावड्यावरून माळशेज घाट चढून जुन्नरास जाऊं शकेल. पौषी पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथील जत्रेंतून घोंगड्या व चार नातवंडें घेऊन यावयाचें असेल, तर मात्र घरांतली दुसरी गाडी काढावी लागेल.