वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतरचं जेवण : रोजचं ताट, रोजा आणि दावत

वजन कमी करण्याचं ऑपरेशन, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी, आपल्याकडे आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ते करून घेतलं तेव्हा बरीच चर्चा झाली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारासाठी मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं, तेव्हा तर हा शब्द घराघरांत पोहोचला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचं निधन झालं. त्यांचं वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितलं जात होतं आणि सोबत इतर गंभीर आजार होते. त्यामुळे त्यांच्यावरून या ऑपरेशनबद्दल चांगलं-वाईट मत बनवणं बरोबर नाही.

आटपाडी, खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यामुळे देशभर पसरलेली आहेत. ऑपरेशन मोठ्या शहरात होतं, डाएटिशियन तिथंच राहते आणि पेशंट गावी येतो. पहिले दोन महिने सगळं ठरलेलं असतं: आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. खरी अडचण पुढं येते, कागदावरचा तक्ता संपतो आणि समोर भाकरी-कालवण, शेजारच्या शादीचं आमंत्रण आणि रमजानचा चाँद असतो तेव्हा.

पोटात नेमकं काय बदलतं

जास्त केली जाणारी ऑपरेशनं दोन. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. यात अन्न कमी मावतं आणि जीवनसत्त्वंही कमी शोषली जातात.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: भूक हळूहळू परत येते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात वजन एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेलं, नंतर थोडं वाढलं. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्के कमी राहिलं होतं. म्हणजे थोडं वजन परत येणं नेहमीचं आहे, त्यात शरम वाटण्यासारखं काही नाही. पण फरसाण, बिस्किटं, गोड चहा, आइस्क्रीम या लहान पोटातूनही सहज खाली उतरणाऱ्या गोष्टी दिवसभर चालू राहिल्या, तर वजन थोड्यावर थांबत नाही.

आपलं ताट

आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी किंवा भात, हा क्रम आयुष्यभराचा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५ च्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, पेलाभर दुधात ६-७. हिशेब केला की कळतं, नुसत्या पातळ आमटीवर हे भागत नाही. मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, दाट पिठलं, घट्ट दही हे आपल्याकडचंच आहे. महागड्या डब्यांतली पावडर प्रत्येकाला लागतेच असं नाही.

मटण चालतं, पण सुकं, चिवट मटण नळीत अडकल्यासारखं होतं. खिमा, कुकरमध्ये गाळ शिजवलेलं मटण, मासे बरे. मऊ चपाती, पाव आणि चिकट भात कित्येकांना जड जातो, त्यापेक्षा कालवणात कुस्करलेली पाव भाकरी सोपी. घास लहान, चावणं भरपूर, जेवणाला वीस-तीस मिनिटं. शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा कसा गिळला जातो ते मी रोज बघतो, ती सवय या पोटाला चालत नाही.

पाणी जेवणासोबत नाही. जेवल्यावर अर्धा तास थांबायचं, मग घोट-घोट करत दिवसभरात दीड ते दोन लिटर. पोटाचे तीन हिस्से करण्याची हदीस आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. इथं पाण्याचा हिस्सा फक्त वेगळ्या वेळेला द्यायचा आहे.

घरातल्या बायकांचं मात्र वेगळं सांगावं लागेल. सगळ्यांना वाढून शेवटी, उभ्या-उभ्या, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवणं ही आपल्या घरांतली रीत. ऑपरेशन झालेल्या भाभी किंवा आपाला तिच्या वेळेला, बसून, आधी जेवू द्या. हे काम सासूबाईंनी आणि नवऱ्याने करायचं आहे, तिने मागायचं नाही. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर किमान एक ते दीड वर्ष थांबायला डॉक्टर सांगतात, तेही दोघांनी मिळून ऐकावं.

रोज्याचं काय

बहुतेक डॉक्टर पहिलं वर्ष ते दीड वर्ष रोजे टाळायला सांगतात. वजन झपाट्याने उतरत असतं, पाणी कमी पडलं तर चक्कर, मूत्रपिंडाला त्रास. सूरह बकराहमध्ये आजारी माणसाला सवलत आहे, सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. कायम शक्य नसेल तर फिदिया आहे. आपलं नेमकं काय, ते डॉक्टरांचा कागद घेऊन मुफ्तीसाहेबांना विचारा. "लोक काय म्हणतील" म्हणून लपून रोजा धरणारे आणि लपून पाणी पिणारे, दोघांचीही मला काळजी वाटते.

पुढं डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी आपले रिपोर्ट बघून. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डोस बदलून घेतल्याशिवाय अजिबात नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. थंडीतला रोजा आणि आटपाडीच्या उन्हातला रोजा एक नव्हे.

इफ्तारला एक खजूर, तीही हळूहळू चावून, आणि पाण्याचे दोन-चार घोट. सरबताचा पेला आणि भजी एकदम नको. बायपासवाल्यांना गोड पटकन आतड्यात उतरल्यामुळे घाम, धडधड, जुलाब होतात, याला डंपिंग म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात, नेमकं तरावीहच्या वेळेला. मगरिबनंतर अर्ध्या तासाने अंडं, खिमा किंवा दाट डाळ, तरावीहनंतर दुसरं लहान जेवण, मधल्या वेळेत पाणी. सहरी सोडायची नाही.

दावत आणि ईद

"और थोडा लो" हे आपलं प्रेम आहे, मोडवत नाही. त्यात रिझ्कची बेअदबी नको म्हणून ताट पुसून खायची शिकवण. उपाय एकच: ताटात आधीच कमी घ्या. बिर्याणीतली एक बोटी, दोन चमचे दालचा, बास. शीरखुर्मा दोन-तीन चमचे, तोही जेवणानंतर. यजमानाला ऑपरेशनचं सांगायचं नसेल तर "पोटाचं पथ्य आहे" एवढं पुरतं. तेही खोटं नाहीच.

गोळ्या बंद करू नका

बरं वाटलं की गोळ्या सोडणं, ही सर्वांत जास्त होणारी चूक. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ आयुष्यभर लागतात. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. बी-१२ कमी पडलं तर मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा सुरू होतो, आणि उशीर झाला तर सगळं भरून येत नाही. कॅप्सूलच्या जिलेटिनची शंका असेल तर औषध सोडू नका, मेडिकलवाल्याकडे चावायची गोळी किंवा शाकाहारी कॅप्सूल मागा. बी-१२ चं इंजेक्शनही मिळतं.

गुडघा दुखला म्हणून ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, विशेषतः बायपासनंतर जोडावर अल्सर होतो. बिडी, तंबाखू, मिश्री यांनीही तोच धोका वाढतो. आपल्या भागात मिश्रीला कुणी व्यसन धरतच नाही, पण डॉक्टरांना ती सांगायलाच हवी.

पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढं वर्षातून एकदा रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर. एवढ्यासाठी पुण्या-मुंबईला जायला नको, रिपोर्ट फोनवर पाठवता येतो.

सारखी उलटी होऊन दोन-तीन दिवस काही टिकत नसेल, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसत असेल किंवा चालताना झोक जात असेल, तर घरगुती काढा करत बसू नका. हे बी-१ म्हणजे थायमिन संपल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यात तासांचा फरक पडतो. त्याच दिवशी दवाखान्यात जा, "ऑपरेशन झालेलं आहे" हे दारातच सांगा, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा.